‘हा शब्द आला कुठून?’

आमचे इंग्रजीचे सर फळ्यावर शब्द लिहीत आणि अर्थाच्या आधी विचारत, “हा आला कुठून?” त्यांच्या तासाला बसायला मिळालं, हे मी माझं भाग्य समजतो.

‘डेट’ म्हणजे कर्ज. त्यातला ‘बी’ म्हणायचा नाही, तर लिहायचा कशाला, ही आम्हा सगळ्यांची तक्रार. सरांनी सांगितलं, की शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हताच. लॅटिन ‘डेबिटम’शी असलेलं नातं दिसावं म्हणून विद्वानांनी तो मागाहून घातला. सरदार या अर्थाच्या ‘नाइट’मधला ‘के’ मात्र अस्सल. तो पूर्वी उच्चारला जाई. बोलणं पुढे सरकलं, स्पेलिंग तिथंच राहिलं. हे कळल्यावर स्पेलिंगची धास्ती गेली ती कायमची.

सगळ्यात मनात रुतला तो ‘प्युपिल’. विद्यार्थी आणि डोळ्यातली बाहुली, दोन्हींना एकच शब्द कसा? लॅटिनमध्ये ‘प्युपिल्लस’ म्हणजे पोरका, पालकाच्या स्वाधीन असलेला मुलगा; त्यावरून विद्यार्थी. ‘प्युपिल्ला’ म्हणजे लहान मुलगी, बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात आपलं इवलंसं प्रतिबिंब दिसतं, म्हणून डोळ्यातलीही ‘प्युपिल्ला’च. मग सर म्हणाले, “आपण तरी तिला बाहुलीच म्हणतो ना?” संस्कृतातल्या ‘कनीनिका’चाही एक अर्थ लहान मुलगी. इतक्या दूरच्या माणसांना डोळ्यात डोकावून तेच दिसलं, याचं मला आजही नवल वाटतं.

‘ऑरेंज’ तर आपल्याच ‘नारंग’चा वंशज, फारसी-अरबीमार्गे युरोपात पोहोचला आणि तिथं सुरुवातीचा ‘न’ गमावून बसला.

पण सरांचा खरा कटाक्ष पुराव्यावर असे. ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, हे आम्ही कुठंतरी ऐकलेलं. त्यांनी ते साफ खोडून काढलं: ‘न्यू’ म्हणजे नवं, त्याचंच हे अनेकवचन. ते ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा दाखला देत. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं, कारण प्रत्येक अर्थासाठी जुन्या लिखाणातले उतारे जमवायचे होते. केवढी ही चिकाटी!

रोमन सैनिकांना पगार मिठात मिळे, म्हणून ‘सॅलरी’, असं अनेकदा वाचायला मिळतं. ‘सालारियम’ हा लॅटिन शब्द ‘साल’वरून, म्हणजे मिठावरून आला, इतकं खरं. पण पगारात मीठ वाटल्याचा प्राचीन पुरावा नाही. कुणी ती गोष्ट रंगवून सांगू लागलं, की मी अजूनही जुना उतारा मागतो.