हे आधी काय होतं?

अमृतमहोत्सवी स्मरणिकेत आपल्या शाळेच्या मैदानाबद्दल, स्नेहसंमेलनाबद्दल, पन्हाळ्याच्या सहलीबद्दल लिहिणारे पुष्कळजण असतील. मी विज्ञानाच्या तासाबद्दल लिहिते. आज मी इथल्याच एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते, आणि या विषयाची माझी पहिली ओळख आपल्या प्रयोगशाळेत, मटणाच्या हाडांवरून झाली.

एका शनिवारी सरांनी सांगितलं, "उद्या ज्यांच्या घरी मटण-कोंबडी होईल त्यांनी हाडं टाकू नका. उकळून, घासून सोमवारी घेऊन या. ज्यांच्याकडे होत नाही त्यांनी चित्रकलेची वही आणा." कोल्हापुरात रविवारी हाडांना काय तोटा! सोमवारी कडाप्प्याच्या ओट्यावर वर्तमानपत्रं पसरली गेली. एकाने तर ओळखीच्या खाटकाकडून बकऱ्याचा अख्खा पुढचा पाय आणला होता, फऱ्यापासून खुरापर्यंत. शेजारी कोंबडीचा पंख. सरांनी दोन्ही एकाखाली एक मांडले आणि आम्हाला स्वतःचा दंड चाचपायला लावला. वर एक हाड. कोपराखाली दोन. मग मनगटाच्या बारीक हाडांचा पुंजका, मग बोटं. पंखातही तेच, बकऱ्याच्या पायातही तेच.

मागून कोणीतरी विचारलं, "सर, मग बकऱ्याचा गुडघा हाताच्या मधोमध कसा काय असतोय?" सर म्हणाले, "तो गुडघा नव्हेच. ते मनगट. बकरं बोटांच्या टोकांवर चालतं." पायाच्या रश्श्यात जी नळी येते ती उचलून त्यांनी आमच्या हातात दिली. ती नळी म्हणजे तळहाताची दोन हाडं, एकजीव झालेली. समोरच्या बाजूने बोट फिरवलं की जोडाची पुसट खाच लागते, आणि खालच्या टोकाला ती पुन्हा दुभंगते, दोन खुरांसाठी. कोपराखालच्या दोन हाडांपैकी एक दुसऱ्याला चिकटून बारीक झालेलं होतं. मी ते कितीतरी वेळ हातात धरून बसले होते.

एखादा अवयव कशासाठी आहे, हे सर आधी विचारत नसत. "हे आधी काय होतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी आज विद्यार्थ्यांना जे काही शिकवते ते या एका प्रश्नावर उभं आहे.

आम्ही शाळेत होतो तेव्हा पोहायच्या पराच्या आत मनगट असलेल्या माशाचा जीवाश्म सापडलेला नव्हता. तो 2004 मध्ये कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर सापडला. जीवाश्मतज्ज्ञ नील शुबिन, टेड डेश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो योगायोगाने उचललेला नाही. पाय असलेले सर्वांत जुने प्राणी कोणत्या काळातल्या खडकात मिळतात आणि त्याआधीच्या खडकात नुसते मासेच कसे मिळतात, हे ठाऊक होतं. त्यांनी मधल्या काळाचा खडक निवडला आणि वर्षानुवर्षं तिथे जाऊन खोदकाम केलं. टिक्टालिक नावाचा हा मासा सुमारे 37.5 कोटी वर्षांपूर्वीचा. अंगावर खवले, पण डोकं चपटं आणि मान मोकळी. पराच्या आत एक हाड, मग दोन, मग मनगटासारखी लहान हाडं. तालमीत जोर मारताना ज्या सांध्यांवर अंगाचा भार येतो, त्यांची जुनी मांडणी त्या परात दिसते. ही बातमी 2006 मध्ये वाचली तेव्हा मला सर्वांत आधी सरांची आठवण झाली.

सरांच्या प्रश्नाचा खरा उपयोग शवविच्छेदनाच्या टेबलाशी होतो. ज्यांनी देहदान केलं त्यांच्या ऋणात राहून आम्ही शिकवतो. मानेची रचना उलगडताना विद्यार्थी दरवर्षी एका नसेपाशी अडतात. रिकरंट लॅरिंजिअल ही नस स्वरयंत्राला जाते. मेंदूकडून निघालेली वाट खरं तर वीतभराची. पण डाव्या बाजूला ती छातीत उतरते, हृदयाजवळच्या महाधमनीला खालून वळसा घालते आणि पुन्हा वर गळ्यात येते. जिराफात हाच वळसा काही मीटरचा होतो. गरज म्हणून पाहिलं तर याला अर्थ लागत नाही. माशात मात्र तीच नस कल्ल्याच्या रक्तवाहिनीमागून सरळ कल्ल्याकडे जाते. पुढे मान लांबली, हृदय खाली सरकलं, आणि रक्तवाहिनीखाली अडकलेली नस तिच्याबरोबर खेचली गेली. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत सर्जन तिला जिवापाड जपतात, कारण तिला इजा झाली तर आवाज बसतो.

मार्केट यार्डात गुळाचे रवे उचलणाऱ्या हमालांत हर्निया पुष्कळ दिसतो. त्याचंही मूळ जुनंच आहे. शार्कचे वृषण वर, यकृताजवळ असतात. माणसाच्या गर्भातही ते आधी पोटात वरच तयार होतात आणि शेवटच्या महिन्यांत जांघेतून खाली उतरतात, कारण शुक्रजंतूंना शरीरापेक्षा थोडा गारवा लागतो. त्या वाटेने पोटाची भिंत कायमची कमकुवत राहते. कंबरदुखीचंही असंच. टांझानियातल्या लेटोली इथली दोन पायांवरच्या चालीची पावलं 36 लाख वर्षांपूर्वीची आहेत. तेव्हापासून आपला सगळा भार कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो आहे.

मला सर्वांत भावतात ती कानाची हाडं. आपल्या मधल्या कानात तीन आहेत, कोंबडीच्या कानात एकच. बाकीची दोन कोंबडीकडेही आहेत, पण जबड्याच्या सांध्यात. आपल्या पूर्वजांतही ती तिथेच होती. सस्तन प्राण्यांत जबड्याला नवा सांधा मिळाला आणि ही मोकळी झालेली हाडं ऐकण्याच्या कामी आली. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ रायशर्ट यांनी 1837 मध्ये गर्भांचा अभ्यास करून हे दाखवलं, उत्क्रांतीवरचं डार्विनचं पुस्तक यायच्या 22 वर्षं आधी. मानवी गर्भात आजही यातलं एक हाड खालच्या जबड्याच्या कूर्चेच्या टोकाशीच तयार होतं. वर्गात गोंगाट वाढला की सर म्हणत, "जबडा बंद, कान उघडे." या दोहोंचं नातं मला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी कळलं आणि मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला बसवून घेतलं, कागद-पेन्सिल दिली आणि म्हणाले, "काढून दाखव."

राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा धडा आहे. तो पाठ करून गुण मिळतात, हे मलाही माहीत आहे. तरी मुख्याध्यापकांना आणि विज्ञानाच्या शिक्षकांना माझी मनापासून विनंती आहे, की तो धडा सुरू होण्याआधी वर्ग आमच्या विभागाच्या संग्रहालयात घेऊन या. शनिवारी दुपारी मी मोकळी असते. मधल्या कानाची तिन्ही हाडं मुलांना भिंगाखाली पाहता येतील, आणि पंखांची, पायांची हाडं ओळीने मांडून ठेवायची व्यवस्था मी करीन.