पाण्याला प्रेशर नाही

दारातूनच गार पाणी आणि बर्फ देणारा फ्रिज घरी आला की सुरुवातीला घरातलं प्रत्येक माणूस तहान नसताना पाणी पितं. पेला लावायचा, पट्टी दाबायची आणि धारेकडे बघत राहायचं. पुढे कधीतरी ती धार करंगळीएवढी होते, बर्फाचा खडखडाट थांबतो, आणि घरात ज्याला त्याला फ्रिजमधलं कळायला लागतं.

सोप्या गोष्टी आधी बघाव्यात. पॅनलवरचं लॉक चुकून दाबलं गेलंय का? लहान मुलं असलेल्या घरात बरीचशी दुरुस्ती इथेच संपत असावी. बर्फाच्या साच्याजवळची तार वर उचलली गेलीय का? पेटी भरली की बर्फच तिला वर ढकलतो आणि यंत्र थांबतं. पण मटारच्या पाकिटाने ढकललं तरी तिला पेटी भरल्यासारखीच वाटते. फिल्टर साधारण 6 महिन्यांनी बदलायचा. बदलल्यावर नळीत हवा अडकते, ती निघेपर्यंत काही लिटर पाणी सोडून द्यायचं. (सोडून द्यायचं म्हणे! मी ते पातेल्यात धरून कुंड्यांना घालते.) फ्रीझरच्या दारातली नळी गोठली असेल, तर हेअर ड्रायरची गरम हवा.

आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

बर्फाचं यंत्र मात्र ऐकून बरंच कळतं. रात्री टीव्ही बंद झाला की फ्रिजला कान लावायचा. साच्यातला बर्फ शून्याखाली आठ-दहा अंशांपर्यंत गार झाला की खालचा छोटा हीटर लागतो, वड्यांची पकड सुटते, दाते सावकाश फिरतात आणि वड्या पेटीत पडतात, खड खड खड. मग मागची झडप उघडते. काही सेकंद ‘घूं’ आणि त्यासोबत पाण्याची खळखळ. आमच्याकडे ‘घूं’ यायचं, खळखळ यायची नाही. म्हणजे वीज पोचत होती, पाणी पोचत नव्हतं. ज्या थोड्या वड्या पडायच्या त्या नखाएवढ्या पातळ, नाहीतर मधोमध पोकळ.

टेक्निशियन आला, फ्रिज पुढे ओढला, मागची नळी काढून बादलीत धरली आणि म्हणाला, “मॅडम, फ्रिज ओके आहे. पाण्याला प्रेशर नाही.” व्हिजिटिंग चार्ज घेतला आणि गेला. माझी चिडचिड झाली, पण माणूस बरोबर होता.

या झडपा नळाला कायम जोर असतो असं धरून केलेल्या. त्यांना बहुतेक वेळा किमान 20 पीएसआय (हे दाब मोजायचं एकक) दाब लागतो. आमच्याकडे नळाचा जोर म्हणजे गच्चीवरची टाकी किती उंच, एवढंच. 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सव्वाचौदा पीएसआयच्या आसपास भरतो. आम्ही सातव्या, शेवटच्या मजल्यावर. टाकी डोक्यावर जेमतेम 4 मीटर. म्हणजे सहासुद्धा पुरते नाहीत! आमच्या इमारतीत हा फ्रिज तिसऱ्या मजल्याच्या वर पंपाशिवाय चालणारच नाही. वरच्या मजल्याचे जास्तीचे पैसे मोजून आम्ही हवा, उजेड आणि हे घेतलं. तळमजल्यावरच्या काकांच्या नळाला भरपूर जोर, आणि त्यांचा फ्रिज एका दाराचा, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये निमूट बर्फ करणारा.

कमी दाबाचा आणखी एक वैताग म्हणजे झडप घट्ट मिटायलाही पाण्याचाच रेटा लागतो. तो नसला की ती थेंबथेंब गळते, आणि ते थेंब भरणीच्या नळीच्या तोंडाशी गोठून बसतात. बर्फ होत होता, फक्त नको तिथे.

1833 साली फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने बॉस्टनहून कलकत्त्याला जहाजाने बर्फ पाठवला होता. चार महिन्यांच्या वाटेत बराच वितळला, तरी विकण्याजोगा उरला. आमचा अडला होता भिंतीतल्या अँगल कॉकपासून फ्रिजच्या पाठीपर्यंत.

“आरओमधून लाइन घेऊ या,” असं प्लंबरने सुचवलं. पण आरओच्या टाकीतून येणारी धार गच्चीवरच्या टाकीच्या धारेहून मरतुकडी. शेवटी ओट्याखाली, आरओच्या पुढे, बिस्किटाच्या पुड्याएवढा बूस्टर पंप बसला. त्याला दाब ओळखणारा स्विच आहे. कुणी पेला लावला की तो गुरगुरतो, मध्यरात्री साचा भरतानाही गुरगुरतो. आईला पहिल्यांदा वाटलं, ओट्याखाली मांजर शिरलं.

आता पेटी रोज काठोकाठ भरते. घरात आई माठातलं पिते, मुलाला घशाचा त्रास, आणि आम्ही दोघं सकाळी कोमट. त्यामुळे वड्या एकमेकींना चिकटून त्यांचा एक मोठा दगड होतो आणि तो लाटण्याने फोडावा लागतो. यावरही पुस्तिकेत उपाय दिलाय: बर्फ नियमित वापरत जा.