नानांच्या मोटरचा नंबर

मागच्या महिन्यात नानांनी विहिरीवरची मोटर चालू करायला फोन लावला आणि पलीकडून "हॅलो, कोण बोलतंय?" असं एक बाई म्हणाल्या. नानांनी फोन ठेवला, चष्मा लावून नंबर नीट बघितला, परत लावला, परत त्याच बाई, ह्यावेळी जरा चिडून. मग मला फोन. "अरे आपल्या मोटरचा नंबर कुणीतरी घेतलाय."

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, मोटरच्या पेटीत एक मोबाईल स्टार्टर बसवतात, त्यात आपलं साधं प्रीपेड सिम घालायचं, घरून फोन लावायचा, तो आपोआप उचलतो, बटण दाबलं की मोटर चालू. लाईट आली की तोच आपल्याला फोन करून सांगतो. आमचं गाव जुन्नर तालुक्यात, शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, आणि ऊसात बिबट्या. त्यामुळे रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर जाण्यापेक्षा अंथरुणातून फोन लावणं म्हणजे चैन नाही, गरज आहे.

तर झालं असं की मोटर जळाली, मग पाईपलाईनचं काम निघालं, मग पावसाळा, ह्या सगळ्यात आठ-नऊ महिने त्या सिमला रिचार्ज मारायचं राहून गेलं. ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होतो आणि पुढे काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो. खात्यात २० रुपये बॅलन्स पडून असेल तर ते कापून मुदत वाढते, पण तेवढे पण नव्हते. नियमानेच झालं म्हणजे, भांडायला जागा नाही.

नवीन सिम घेतलं, १९९ चं रिचार्ज मारलं. २८ दिवस, अनलिमिटेड कॉलिंग, रोज १०० एसएमएस, वर २ जीबी डेटा. कुणाला? मोटरला! ती काय रील्स बघणारे का. सगळ्यात मजा म्हणजे "तुमचा प्लॅन संपत आलाय, त्वरित रिचार्ज करा" हे मेसेज त्या पेटीतल्या सिमवर जातात, ते वाचणार कोण, पाली? खरंतर मशीनसाठी १३ आकडी वेगळे नंबर २०१८ पासूनच आलेत, पण ते मीटर, गाड्यांचे ट्रॅकर वगैरे हजारोंनी घेणाऱ्या कंपन्यांसाठी, आमच्याकडे स्टार्टर बसवणारा माणूस "एक सिम आणा" एवढंच म्हणतो.

त्या दिवसापासून डोक्यात हेच चाललंय की नुसते एक-दोन फोन उचलणारं सिम आणि दिवसभर पुण्यात व्हिडिओ बघणारा मी, आमच्या दोघांच्या किमान खर्चात फरक किती कमी राहिलाय. आणि हे काही आपोआप झालेलं नाही.

थोडं मागे जाऊ. ३१ जुलै १९९५ ला कोलकात्यातून बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला, तो देशातला पहिला मोबाईल कॉल. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर, आणि येणाऱ्या कॉलला सुद्धा पैसे, त्यामुळे फोन वाजला की आनंद नाही तर धडकीच भरायची. (मुंबईचं सर्कल वेगळं, बाकी महाराष्ट्र-गोवा वेगळं, घाट चढला की नेटवर्कचं नाव बदलायचं आणि रोमिंग सुरू. खंडाळ्याला लोक फोन बंद करून ठेवायचे.) २००३ ला इनकमिंग फुकट झालं आणि त्याच सुमारास रिलायन्सची ५०१ रुपयांत मोबाईल देणारी 'मान्सून हंगामा' स्कीम, मग खरा मोबाईल गावात शिरला. पुढे २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाचा एक पैसा काढला, मग काय, सगळ्यांचीच पळापळ.

मिस्ड कॉल देऊन संसार चालवलेली पिढी आहे आमची. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन रिंगा म्हणजे फोन कर.

२०१६ ला सप्टेंबरमध्ये जिओ आलं तेव्हा देशात दहाएक तरी कंपन्या होत्या. एअरसेल, टेलिनॉर, व्हिडिओकॉन, एमटीएस, आठवतात का? जिओने मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट ठेवलं, ज्या १ जीबीला आपण अडीचशे रुपये मोजायचो तो दहाच्या आसपास आला. आम्ही तेव्हा लाईनीत उभं राहून सिम घेतली, कुणाला वाईट वाटणार होतं! एअरसेल आणि आरकॉम (अनिल अंबानींची रिलायन्स) दिवाळखोरीत, टेलिनॉर आणि टाटाचा मोबाईल धंदा एअरटेलकडे, व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एकत्र. राहिले तीन खाजगी आणि एक सरकारी. फुकट खाल्लेल्या जेवणाचं बिल आत्ता येतंय असं माझं मत आहे, म्हणजे दर वाढलेत याचं मला तेवढं काही नाही, जगात आपल्याकडे अजून पण स्वस्तच आहे, पण ज्याने जेवलंच नाही त्याला पण तेवढंच बिल हा प्रॉब्लेम आहे.

आकडे बघा. २०१८ च्या शेवटी कंपन्यांनी नियम केला की इनकमिंग चालू ठेवायचं असेल तर २८ दिवसांना ३५ रुपये मारा. त्याच्या आधी 'लाइफटाइम' म्हणून सिमं विकलेली, ते विसरा. मग ३५ चे झाले ७९, मग ९९, मग १५५, आणि जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर १९९. सहा वर्षांत साडेपाच पटीपेक्षा जास्त. मधे डेटाचा दर एवढा वाढला का, तर नाही. वाढलं ते खालचं दार, म्हणजे कमीत कमी रिचार्ज. वर २८ दिवसांचा महिना म्हणजे वर्षाला १३ महिने, १९९ गुणिले १३ म्हणजे २,५८७ रुपये, नुसती मोटर. घरात नाना, आई, मी, बायको धरून पाच सिमं, करा हिशोब. २०२२ मध्ये ट्रायने, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सांगितलं म्हणून ३० दिवसांचे प्लॅन आले, पण ते दुकानदार स्वतःहून कधी सांगत नाही.

कंपन्यांचा हिशोब वेगळाय. त्यांच्याकडे एक शब्द आहे आर्पू, म्हणजे एका ग्राहकामागे महिन्याला सरासरी किती रुपये. २०२५ च्या मध्याला एअरटेलचा २५० च्या आसपास, जिओचा २१० च्या आसपास, आणि एअरटेलवाले कधीपासून म्हणतायत की ३०० पाहिजे. आता जो २५० देतो त्याला ३०० ला नेणं सोपं की जो ३५ देतो त्याला उचलून १९९ वर ठेवणं? आणि तो नाही आला तर गेला, सरासरी तरी पण वाढतेच. आमची मोटर त्यांच्या सरासरीत खोट होती.

बरं त्यांची बाजू पण आहे. सरकारने २०२२ च्या लिलावात ५जी स्पेक्ट्रमचे, म्हणजे ज्या लहरींवर नेटवर्क चालतं त्यांचे, दीड लाख कोटी लावले, टॉवर-फायबरचा खर्च वेगळा, आणि ५जी आलं तर आपण त्याचे वेगळे पैसे देतोय का? नाही. कमाई दिसतेय ती घरावर पांढरा डबा लावून वायफाय देतात त्यात, आमच्या गावात पण चार-पाच घरांवर लागलाय, केबलवाला रडतोय. २०२४ चा लिलाव तर साडेअकरा हजार कोटींच्या आतच आटपला, कुणाला हवंच नव्हतं.

आणि एजीआर, म्हणजे कंपनीच्या ज्या उत्पन्नावर सरकार आपला वाटा घेतं ते. हे प्रकरण गावच्या भाषेत सांगायचं तर, वाट्याने शेत घेतलं, ठरलं की उत्पन्नातला अमुक वाटा मालकाला. मालक म्हणजे सरकार. काही वर्षांनी मालक म्हणतो, तुझ्या बायकोने दूध विकलं, तू जुना लोखंडी नांगर भंगारात घातला, बँकेत व्याज मिळालं, त्यातला पण वाटा दे. कंपन्या म्हणाल्या ते शेतातलं नाही. पंधराएक वर्षं कोर्टात वाद, २४ ऑक्टोबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने सरकारच्या बाजूने निकाल दिला, वर इतक्या वर्षांचं व्याज, दंड, दंडावर व्याज. मूळ रकमेपेक्षा हेच जास्त. सगळ्यात मोठा फटका व्होडाफोन आयडियाला, ५८ हजार कोटींच्या घरात. पुढच्या हिशोबातून दुधाचे पैसे सरकारने २०२१ मध्ये काढून टाकले, पण मागचं तेव्हा तसंच राहिलं.

ह्या व्होडाफोन आयडियाबद्दल मला थोडं हळवं वाटतं. आयडियाचं मूळच इकडचं, बिर्ला एटी अँड टी म्हणून महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये सुरू झालेली, एकेकाळी आमच्या वाडीत घरटी तेच सिम. एकत्र झाले तेव्हा ४० कोटींच्या वर ग्राहक, आता २० कोटींच्या आसपास. थकलेल्या पैशांच्या बदल्यात सरकारने शेअर घेतले, आधी ३३ टक्के, मग एप्रिल २०२५ ला जवळजवळ ४९. म्हणजे ज्याचं देणं तोच मालक. ती बंद पडू नये एवढ्यापुरतं सरकार करतंय, ती धावावी एवढं नाही, निदान मला तरी तसं दिसतं.

राहता राहिलं बीएसएनएल. सरकारने तीन पॅकेजं मिळून सव्वातीन लाख कोटींच्या आसपास ओतलेत, आणि २७ सप्टेंबर २०२५ ला त्यांचं स्वदेशी ४जी देशभर सुरू झालं, टीसीएस, तेजस ह्या कंपन्या आणि सरकारी सी-डॉट मिळून बनवलेलं. हे खरंच मोठं काम आहे, अशी सिस्टीम बनवणारे देश थोडेच आहेत. पण जिओ आणि एअरटेल २०२२ पासूनच ५जी वर आहेत. २०२४ ला दरवाढ झाली तेव्हा लोकं पोर्ट करून तिकडे गेली, काही महिने ग्राहक वाढले, मग परत गळती. तरी माझं म्हणणं, त्यांनी पहिला नंबर काढायची गरजच नाही, स्वस्त रिचार्ज घेऊन कोपऱ्यात उभं राहिलं तरी पुरे, जिओ-एअरटेलला दर वाढवताना एक डोळा तिकडे ठेवावा लागतो.

पुढे काय? दरवाढ येणार, कधी एवढाच प्रश्न. ऑगस्ट २०२५ मध्ये रोज १ जीबीवाला २४९ चा प्लॅन जिओ आणि एअरटेल दोघांनीही काढून टाकला, दर न वाढवता वाढवायची ही पद्धत. २०२६ च्या पहिल्या सहामाहीत शेअर बाजारात येऊ असं जिओने २०२५ मध्ये जाहीर केलं होतं, त्याच्या आधी आकडे चांगले दिसायला नकोत का. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकला लायसन्स मिळालंय पण मोटरच्या पेटीवर डिश लावणार का कोण.

एक बरं झालं, डिसेंबर २०२४ ला ट्रायने डेटाशिवाय नुसत्या कॉल-एसएमएसचे प्लॅन सक्तीचे केले आणि मुदत वर्षापर्यंत वाढवली. ८४ दिवसांना साडेचारशे-पावणेपाचशे, वर्षाला साडेअठराशेच्या आसपास. म्हणजे वर्षाचं मारलं तर मोटरचे सातशेच्या वर वाचतात. ॲपमध्ये खाली खाली जाऊन शोधावं लागतं पण आहे. नानांना म्हणलं वर्षाचं मारूया का, तर म्हणे, "वर्षाचं? मोटर वर्षभर टिकेल का ते बघ आधी." शेवटी ८४ दिवसांचं मारलं.

परवा त्या बाईंचाच नानांना फोन. म्हणे तुमचा नंबर माझ्याकडे मिस्ड कॉलमध्ये होता म्हणून केला, सांगा हो जरा, रोज रात्री दोन वाजता मला कुणाचा तरी फोन येतो आणि उचलला की पलीकडून एक-एक बटण दाबल्याचा आवाज. शेजारचे आप्पा. नाना गावाला गेले की मोटर तेच बघतात. त्यांना नवीन नंबर द्यायचा राहिला होता.