एकाच कुंडीतले दोन वंश

जूनअखेरीस दादरच्या आमच्या गॅलरीत पानफुटीची कुंडी बदलताना मातीतून वीतभरही लांब नसलेला, काळपट, चकचकीत जीव वळवळत बाहेर आला. गांडूळ समजून मी तो चिमटीत धरला. पण अंगावर गांडुळासारख्या वळ्या नव्हत्या, बारीक गुळगुळीत खवले होते आणि एका टोकाला डोळ्यांचे दोन पुसट ठिपके होते. तो वाळा होता, मुंग्यांची व वाळवीची अंडी-अळ्या खाणारा बिनविषारी साप.

अमीबाचे द्विविभाजन, यीस्टचे कलिकायन, पावावरच्या बुरशीचे बीजाणू एवढे शाळेत पाठ केल्यामुळे अलैंगिक प्रजनन हा क्षुद्र जीवांचाच व्यवहार असावा, असा माझा बरीच वर्षे समज होता. वाळा तो खोटा ठरवतो. या जातीत सगळ्या माद्याच असतात. त्यांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, आणि अंड्यातही ते तिन्ही उतरत असल्यामुळे नराशिवाय, फलनाशिवाय आईसारखीच पिल्ले जन्मतात. याला अनिषेकजनन म्हणतात. जोडीदार शोधायचा नसल्याने कुंडीच्या मातीतून परमुलखात पोचलेली एकटी मादीही तिथे वंश वसवू शकते, आणि हा साप जगभर पसरला तो मुख्यतः असाच.

पानफुटीची रीत वेगळी. तिच्या पानाच्या कडेला खाचा असतात आणि त्या खाचांत विभाजनाची क्षमता राखून असलेल्या पेशींचे पुंजके असतात. पान देठापासून सुटले की ते वाढू लागतात. मी वर्तमानपत्रावर विसरलेल्या एका पानाला पावसाळी हवेत पाच रोपे फुटली, प्रत्येकाला केसाएवढी पांढरी मुळे, आणि मूळ पान मात्र सुरकुतत चाललेले. हे सारे सूत्री विभाजनाने, म्हणजे एका पेशीच्या हुबेहूब दोन पेशी होत, घडते, म्हणून पाचही रोपांची जनुके त्या पानाचीच. हापूसची कोय लावून हापूस मिळेलच असे नाही, म्हणून बागायतदार खुंटावर काडी बांधून कलम करतात, तेही याच जातीचे काम. फरक इतकाच की तिथे माणसाचा हात लागतो.

सारखेपणाची किंमतही असते. बुंध्याशी फुटणाऱ्या मुनव्यांपासून वाढवलेली ग्रो मिशेल ही केळीची जात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात आघाडीवर होती. पनामा मर या बुरशीजन्य रोगाने तिच्या बागा उजाड केल्या, कारण एक झाड ज्याला बळी पडले त्याला सगळीच पडली. गंमत अशी, की रोग पसरवणारी ती बुरशीही अलैंगिक बीजाणूंनीच वाढते.

वाळ्याला मी परत मातीत सोडले. परवा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पानफुटीचे रोप मागितले, तेव्हा त्यांना ते त्याच कुंडीतल्या मातीसकट दिले.