सेटटॉप बॉक्स वेळेत घेतला, हीच चूक झाली (माझा अनुभव)

मी पुण्यात राहतो, आईबाबा वाईला. पुण्यात हे केबल डिजिटलचं प्रकरण (सरकारने टप्प्याटप्प्याने केबल टीव्हीला सेटटॉप बॉक्स सक्तीचा केला ते) २०१३ च्या मार्चमध्येच उरकलं होतं, तेव्हा काही त्रास झाला नाही, म्हणून मला वाटलं वाईला काय, एका फोनचं काम आहे. नगरपालिकेच्या गावांना तिसऱ्या टप्प्यात ३१ डिसेंबर २०१५ ची मुदत होती. टीव्हीवर खाली सारखी पट्टी पळायची की बॉक्स बसवा नाहीतर केबल बंद होईल. बाबा घाबरले आणि २८ तारखेलाच पंधराशे रुपये भरून मोकळे झाले.

४ जानेवारीला पोरगा येऊन बॉक्स लावून गेला. जाताना म्हणाला, संध्याकाळपर्यंत चालू होईल.

चालू झालं २३ तारखेला.

मधले एकोणीस दिवस स्क्रीनवर एकच इंग्रजी ओळ, कार्ड (बॉक्सचं ओळखीचं कार्ड) ऑथराइज्ड नाही म्हणून. वायर काढून थेट टीव्हीला लावून बघितली तर नुसत्या मुंग्या, कारण आमची लाईन केबलवाल्याच्या नव्या डिजिटलवाल्या डब्यावर टाकलेली. आणि गंमत अशी की तोपर्यंत कोर्टकचेऱ्या होऊन मुदतीचं सगळं लांबलं होतं, त्यामुळे शेजारच्या काकांनी बॉक्सच घेतला नव्हता आणि त्यांचं जुनं केबल मजेत चालू! रोहित शर्माने पर्थला नाबाद १७१ मारले (हरलो ती गोष्ट वेगळी) ते बाबांनी काकांच्या ओट्यावर बसून बघितले. पैसे भरणारा ओट्यावर आणि न भरणारा सोफ्यावर.

केबलवाल्याला फोन केला की तो म्हणणार वरून ॲक्टिव्हेट होत नाहीये, वरच्या ऑफिसला फोन केला की ते म्हणणार तुमचा फॉर्मच आला नाही. फॉर्म बाबांनी माझ्यासमोर भरलेला, फोटो, आधारची झेरॉक्स, सगळं जोडून. शेवटी मी एक शनिवार घालवून त्या ऑफिसात गेलो. टेबलावर फॉर्मचे गठ्ठे रबर लावून ठेवलेले, एकच मुलगा कॉम्प्युटरवर नंबर टाकत बसलेला, त्याचाही काय दोष म्हणा. अर्धा तास उपसल्यावर आमचा फॉर्म सापडला. बॉक्सच्या लांबलचक नंबरात बसवणाऱ्या पोराने ८ चा ३ केला होता! म्हणजे दोन आठवडे ते भलत्याच बॉक्सला चालू करत होते. माझ्या मोबाईलमध्ये बॉक्सखालच्या स्टिकरचा फोटो होता म्हणून जागेवर दुरुस्त झालं. तर पहिलं काम हे करा, बॉक्स भिंतीला अडकवायच्या आधी स्टिकरचा फोटो काढा, बॉक्सचा आणि कार्डचा असे दोन्ही नंबर वाचता येतील असा.

एवढं करूनही चालू होईना. मी परत फोन करून चिडलो तर तो मुलगा शांतपणे म्हणाला, बॉक्स चालू ठेवलाय ना? चालू करायचा आदेश केबलच्या वायरीतूनच येतो, बॉक्स बंद असेल तर त्याला कळणार कसं. बाबांना विचारलं. "काही दिसतच नाही तर लाईट कशाला जाळायची?" ते रोज मेन बटण बंद करून ठेवत होते. मी काही बोललो नाही, बोलून उपयोगही नव्हता.

२३ ला सकाळपासून बटण चालू ठेवलं आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास आईने फोन केला, "आला रे, सह्याद्री आला!" त्या दिवशी सिडनीची वनडे होती, सिरीजमधली आपण जिंकलेली एकुलती एक मॅच, ती तासाभरापूर्वी संपलेली.

पुढे तिसऱ्या टप्प्याची मुदत सरकारने ३१ जानेवारी २०१७ पर्यंत नेली. आम्हाला वर्षभर आधी काय मिळालं, तर दोन रिमोट. आणि हो, जुना टीव्ही असेल तर पिवळी-लाल-पांढरी पिन लावल्यावर टीव्ही एव्हीवर घ्यावा लागतो, हे पोरगा सांगत नाही. आईने टीव्हीच्या रिमोटचं एक बटण दाबलं की परत मुंग्या, आणि परत मला फोन.