मारुती ८०० चे पुढचे बुश: गुहागरच्या खळ्यातले तीन रविवार

गणपती आणताना गाडीनं तोंड उघडलं. तात्या पुढच्या सीटवर, मांडीवर पाट, पाटावर गणपती, आणि शृंगारतळीहून निघाल्यापासून प्रत्येक खड्ड्याला डावीकडून ‘टक्’. फार मोठा आवाज नाही, पण भातात खडा लागावा तसा. मोडकाआगरच्या उतारावर ब्रेक दाबला तर स्टिअरिंग डावीकडे ओढ खाऊ लागलं. तात्या काही बोलले नाहीत. फक्त प्रत्येक ‘टक्’ला माझ्याकडे बघत राहिले. गौरी-गणपती झाले, चाकरमानी मुंबईला परतले, पाऊस उघडला आणि मी गाडी खळ्यात घेतली.

गाडी १९९७ ची. कार्ब्युरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, १२ इंची चाकं. २०१४ च्या जानेवारीत कंपनीनं हे मॉडेल बनवणं थांबवलं तरी सस्पेन्शनचं सामान अजून सहज मिळतं. आमच्या घरापासून समुद्र चारशे पावलांवर आहे, तेव्हा गाडीचं काही चुकलं की पहिला संशय मी खाऱ्या वाऱ्यावर घेतो. या वेळी निम्मा गुन्हा त्याचा नव्हता, ते पुढे येईलच.

पहिला रविवार: आवाज कुठला?

चाक उचलून वर-खाली धरून हलवलं, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहावर. काही नाही, बॉल जॉइंट ठीक. तीन आणि नऊवर हलवलं, टाय रॉडही ठीक. मग चाकं जमिनीवर ठेवून भाच्याला आत बसवलं. जरा पुढे घे, ब्रेक मार, जरा मागे घे, ब्रेक मार. मी बाहेरून डाव्या चाकाकडे बघत बसलो. ब्रेक लागला की चाक मडगार्डमध्ये बोटभर मागे सरकत होतं आणि सोडला की परत पुढे. डोळ्यांना दिसेल इतकं! पुन्हा जॅकवर घेऊन लोअर आर्मच्या आतल्या टोकाशी पहार घातली, तर आर्म बुशमध्ये, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबरी तुकड्यात, लुकलुकत्या दातासारखा हलला.

या गाडीचं पुढचं सस्पेन्शन ज्यांनी उघडलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. स्ट्रट, म्हणजे चाकावरचा स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा खांब, मॅकफर्सन पद्धतीचा आहे, पण लोअर आर्म म्हणजे एकच साधी काठी. आतल्या बाजूला एक बुश, बाहेर बॉल जॉइंट. अशी काठी चाकाला आत-बाहेर धरते, पण पुढे-मागे धरायला तिच्यात काहीच नाही. ते काम स्टॅबिलायझर रॉड करतो. तो आडवा येऊन दोन्ही आर्ममधून आरपार जातो आणि त्याच्या टोकाला रबर, वायसर आणि नट असतो. म्हणजे दुसऱ्या एखाद्या गाडीत स्टॅबिलायझरचं रबर गेलं तर वळणावर गाडी जरा जास्त झुकेल, खडखडेल, एवढंच. या गाडीत ते गेलं तर ब्रेक मारताना चाक मागे पळतं आणि स्टिअरिंग ओढतं. ‘स्टॅबिलायझरचंच रबर ना, राहू दे’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ८०० वाल्यांनी त्यांचं ऐकू नये.

शृंगारतळीहून आर्मचे दोन बुश, स्टॅबिलायझरच्या टोकांची रबरं, मधल्या क्लॅम्पचे दोन डी-बुश आणि नव्या स्प्लिट पिना (नट सुटू नये म्हणून घालायच्या) आणल्या. दुकानदारानं पॉलियुरेथेनचा लाल सेटही दाखवला. घेतला नाही. रस्त्यावर चालवायच्या गाडीत तो कडक लागतो आणि ग्रीस सुकली की चिमणीसारखा चिवचिवतो. आपल्या दोडामार्गात रबराच्या बागा असताना प्लास्टिक कशाला, असं मी त्याला म्हटलं. तो हसला नाही.

जॅक आणि चिरा

हे आपल्याकडच्या लोकांसाठी मुद्दाम. खळ्यातली माती पावसानंतर महिनाभर तरी मऊ असते, जॅक सरळ आत रुततो. मी फणसाची दोन इंची जाड फळी खाली घातली. आणि गाडी चिऱ्यावर कधीही टेकवू नका. जांभा दिसायला दगड, पण एका बिंदूवर भार आला की बिस्किटासारखा फुटतो. चिरे मागच्या चाकांना अडण म्हणून लावा. गाडीखाली लोखंडी घोड्याच (जॅक स्टँड) हव्यात. त्यावर ठेवून झालं की गाडीला खांद्यानं दोन धक्के द्या, मगच खाली जा. काढलेलं चाक आडवं करून मी गाडीच्या दाराच्या उंबऱ्याखाली सरकवून ठेवतो. घोडी दगा देऊ शकते, चाक देत नाही.

डावी बाजू

डावी बाजू सुतासारखी सरळ गेली. आदल्या रात्री सगळ्या नटांवर तेल मारून ठेवलं होतं. स्टॅबिलायझरच्या टोकाची स्प्लिट पिन अर्धी तुटून आली, उरलेली खिळ्यानं ठोकून काढली. खाचांचा नट सुटला. वायसर कुठल्या तोंडानं होता याचा फोटो काढा. त्याची खोलगट बाजू रबराकडे असते आणि उलटा बसला तर रबर कापत जातो. मग बॉल जॉइंटचा बोल्ट. तो नुसता ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो पिनच्या खाचेत अडकून बसतो. पहिल्यांदा करताना मी तो ढिला करून अर्धा तास हातोडा मारत बसलो होतो, हे इथे कबूल करून टाकतो. शेवटी आतला बोल्ट. आर्म हातात.

बुश खिडकीतल्या उजेडात धरून बघितला. रबर चहूबाजूंनी झिजलेलं नव्हतं. आतल्या नळीला चिकटलेल्या जागी एकाच बाजूला चंद्रकोरीसारखी भेग, बाकीचं रबर नवं म्हणावं असं. बुश तीन वर्षांपूर्वीचाच होता. तेव्हा मी मुंबईला होतो आणि गाडी एका गॅरेजात दिली होती. ही भेग कशानं पडली ते नंतर कळलं.

माझ्या आर्ममधल्या बुशला बाहेरून लोखंडी कडं नाही, रबर थेट आर्मच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या भोकात, बसतं. एका बाजूची रबराची कॉलर सुरीनं कापली, मग आट्याचा रॉड, पाइपचा तुकडा आणि पान्याच्या दोन गोट्या (सॉकेट) असा घरगुती प्रेस करून जुना बुश ओढून काढला. डोळ्याच्या आत गंजाची पापुद्री होती, ती पॉलिश पेपरनं घासली.

नवा बसवताना चुलतभावाचा सल्ला ऐकला: ‘रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, आकसतो.’ आई सकाळी बर्फाच्या कप्प्यात सुरमईच्या शेजारी बुश बघून काय म्हणाली ते लिहीत नाही. लोखंडी कड्याच्या बुशला त्याचा काही उपयोग होत असेल. उघडं रबर थंडीनं उलट ताठर होतं आणि दबायचं नाव घेत नाही. तासभर झटलो. शेवटी गरम पाण्याच्या टोपात टाकला, डोळ्याला साबणाचं पाणी लावलं आणि तो पाच मिनिटांत गेला. साबणाचंच पाणी, तेल किंवा ग्रीस नको. तेलानं रबर फुगतं आणि मऊ पडतं. दोन्ही बाजूंना सारखा बाहेर आलाय ना ते मोजलं.

दुसरा रविवार: उजवी बाजू, म्हणजे समुद्र

इथे मात्र खारा वारा भेटला. आतल्या बोल्टला पान्याला पाइप लावून जोर दिला. फिरला! आनंदानं पाना सोडला, तर बोल्ट हळूच उलटा परत जागेवर आला. पुन्हा फिरवला, पुन्हा परत. बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव झाला होता आणि मी फक्त रबराला पीळ देत होतो.

दोन रात्री तेल पाजलं. ठोकलं. गॅसची टॉर्च लावून तापवायचा मोह झाला, पण वीतभर अंतरावर ब्रेकचा रबरी पाइप आहे, तो धोका घेतला नाही. शेवटी आरीचं नुसतं पान, त्याला अर्ध्यात फडकं गुंडाळून मूठ केली, आणि बुश व ब्रॅकेट यांच्या फटीतून बोल्ट दोन्हीकडून कापला. एका बाजूला पाऊण तास. पाठीखाली गोणपाट, कपाळावरून डोळ्यात घाम, ऑक्टोबरचा उकाडा आणि वर अंगणात कोंबड्या. तात्या खुर्ची घेऊन जवळच बसले होते.

‘नवी गाडी घेतली असतीस तर?’

‘तात्या, तुम्हीच विकू देत नाही.’

‘मी कुठे विक म्हणतोय? नवी घे म्हणतोय.’

उजवा आर्म आणि बोल्टचे तुकडे पिशवीत घालून एसटीनं चिपळूणला गेलो, गाडी घोड्यांवर असल्यावर दुसरं काय. पिशवी गच्च आणि खालून तेलाचा डाग, तेव्हा कंडक्टरनं विचारलंच, ‘मासळी नाही ना?’ खेर्डीतल्या लेथवाल्यानं प्रेसवर जुना काढून नवा बसवेपर्यंत माझा चहाही संपला नाही. मी डावीकडे घालवलेला तास आठवून जरा वाईट वाटलं. बोल्ट घेताना एक बघा: डोक्यावर ८.८ चा किंवा मूळ बोल्टवर असेल तोच दर्जा कोरलेला हवा आणि आटे मूळच्याच मापाचे हवेत. हार्डवेअरच्या दुकानातला गेटाचा बोल्ट मापात बसतो म्हणून घालू नका. चाक त्यावर लटकलेलं असतं. नवा बोल्ट घालताना मधल्या दांड्यावर ग्रीसचा हलका हात दिला, म्हणजे पुढच्या वेळी आरी नको. आट्यांवर नाही, कारण तिथे ग्रीस गेली की टॉर्कचा, म्हणजे किती जोरानं आवळायचं त्याचा, आकडा खोटा ठरतो.

तिसरा रविवार: नेलपॉलिश

आता ती चंद्रकोर. बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट पकडली जाते, बाहेरचं रबर आर्मबरोबर जातं, आणि आर्म वर-खाली झाला की मधलं रबर पिळलं जातं. दोन्ही बाजूंना थोडं-थोडं पिळलं तर ते वर्षानुवर्षं टिकतं. पण चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला, तर रबराची ‘विश्रांतीची जागा’ तीच ठरते. गाडी खाली उतरवली की ते कायमचं एकाच बाजूला पिळलेलं राहतं, आणि प्रत्येक खड्डा त्यात भर घालतो.

हे मला माहीत होतं. तरी डावी बाजू जोडताना हात सुरात होता आणि मी डावा बोल्ट चाक लोंबत असतानाच पुरता आवळून टाकला होता.

किती फरक पडतो बघू म्हणून बहिणीची लाल नेलपॉलिश आणली. डाव्या बुशच्या नळीच्या तोंडावरून सुरू करून रबरावरून आर्मच्या डोळ्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली. वाळू दिली. दोन्ही चाकांखाली फळ्यांची सारखी चळत लावून गाडी त्यावर उतरवली, बॉनेट दाबून चार वेळा हलवली आणि टॉर्च घेऊन खाली सरकलो. रेघ तुटली होती. नळीवरचा तुकडा आणि डोळ्यावरचा तुकडा यांत जवळजवळ दोन मिलिमीटरचं अंतर पडलेलं आणि मधल्या रबरावरची रेघ तिरकी ओढलेली. गाडी नुसती उभी असताना! तीन वर्षं तो जुना बुश असाच उभा होता.

बोल्ट ढिला केला. ‘टुक्’ करून नळी आपल्या जागेवर आली आणि दोन्ही तुकडे जवळजवळ समोरासमोर आले. मग चाकांवर भार असतानाच दोन्ही बाजू टॉर्क पान्यानं आवळल्या. आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या, अंदाजानं नको. स्टॅबिलायझरचे नट आणि क्लॅम्पही भारावरच शेवटचे आवळले, नव्या पिना घातल्या आणि टोकं वाकवली. फळ्यांमुळे खाली जेमतेम खांदा जाईल एवढीच जागा होती, त्यामुळे पाना दर वेळी थोडाच फिरायचा. वेळ गेला, जाऊ दे. घोड्या तेव्हाही चासीखाली सैल उभ्या ठेवल्या होत्या.

चाचणी

गुहागर ते पालशेत, तिथून वेळणेश्वरचा चढ-उतार आणि परत. भाचा मागे, तात्या पुढे, मांडीवर या वेळी नारळांची पिशवी. पालशेतच्या उतारावर मुद्दाम जोरात ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. खड्ड्यांना ‘धप्’ येतं, ‘टक्’ येत नाही. स्टिअरिंग मात्र सरळ रस्त्यावर किंचित उजवीकडे वाकडं राहतंय. आर्म उघडल्यावर टो, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली ते, थोडा हलणारच, तेव्हा येत्या शनिवारी चिपळूणला अलाइनमेंट. दोनशे किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा तपासून फोटो टाकतो. नेलपॉलिशची रेघ पुसलेली नाही, पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच बघायची आहे.

उजवीकडचा वरचा स्ट्रट माउंट गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की अजून कुरकुरतो. तिथलंही रबर जुनंच आहे. पण त्याला स्प्रिंग दाबायचे क्लॅम्प लागतात, आणि ते माझ्याकडे नाहीत. दिवाळीनंतर.