वीस मिलिसेकंद

तपासायला आलेली लिनक्स ड्रायव्हरची दुरुस्ती एका ओळीची. रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर उतरवताना चालणारं फंक्शन) मेमरी सोडणाऱ्या केफ्रीच्या आधी एमस्लीप(२०), म्हणजे वीस मिलिसेकंदांची डुलकी. वर्णनात लिहिलंय, 'आता क्रॅश होत नाही.' खरंच होत नाही. तेच डाचतंय.

जुन्या कोडमध्ये रिमूव्ह सुरू झालं की पहिल्यांदा फ्री_आयआरक्यू व्हायचं, म्हणजे इंटरप्ट (डिव्हाइसने प्रोसेसरला मारलेली हाक) आला की चालणाऱ्या हँडलरची नोंद निघायची. पुढे कोडच्या साफसफाईत ही नोंद करणाऱ्या रिक्वेस्ट_आयआरक्यूची डेव्हएम (आपोआप सुटणारी) आवृत्ती आली आणि फ्रीची ओळ उडाली. डेव्हएमने घेतलेलं सगळं रिमूव्ह परतल्यावर सुटतं. प्रायव्ह, म्हणजे ड्रायव्हरची स्वतःची माहिती ठेवणारा मेमरीचा तुकडा, मात्र साध्या केझॅलॉकने घेतलेला, तो रिमूव्हमध्येच जातो. मेमरी गेलेली, हँडलर अजून नोंदलेला. मधल्या फटीत इंटरप्ट आला की खेळ खलास. २० मिलिसेकंदांत तुंबलेले इंटरप्ट येऊन जातात, म्हणून चाचणी पास होते. फट तिथेच राहते.

हे कळवलं की 'चालतंय ना, मग?' हे ठरलेलं. दर वेळी खोडा घालणारी मीच का? टेस्टेड-बाय (चाचणी केल्याची सही) तर देऊनही झालंय. ते जाऊ दे.

पण रिव्ह्यूड-बाय (कोड तपासल्याची सही) लिहायचं तर क्रम पटायला हवा, आणि तो पटत नाही. आधी राइटएलने डिव्हाइसच्या रजिस्टरमध्ये लिहून त्याचे इंटरप्ट मास्क, म्हणजे बंद, करायचे. पीसीआय बसवर असा राइट वाटेत रेंगाळतो, म्हणून तो पोचवायला लगेच त्याच डिव्हाइसचं रजिस्टर रीडएलने वाचायचं. मग डेव्हएम_फ्री_आयआरक्यू, ते चालू हँडलर संपेपर्यंत थांबतं. त्यानंतर वर्क (हँडलरने नंतरसाठी रांगेत लावलेलं काम) रद्द करणारं कॅन्सल_वर्क_सिंक, कारण हँडलर जिवंत असताना वर्क रद्द केलं तर तो पुन्हा रांगेत लावू शकतो. केफ्री सगळ्यात शेवटी. नुसतं मास्क करून भागणार नाही: इंटरप्टची लाइन शेअर्ड आहे, शेजारच्या डिव्हाइसच्या इंटरप्टलाही आपला हँडलर बोलावला जातो.

मघाची चिडचिड आता ओसरली. वाद घालण्यापेक्षा दाखवून देणं बरं. कासान (सोडलेली मेमरी वापरली की पकडणारं साधन) आणि कॉन्फिग_डीबग_एसएचआयआरक्यू हे पर्याय चालू करून कर्नल बिल्ड करायचा. शेअर्ड इंटरप्ट सोडताना हा दुसरा पर्याय हँडलरला मुद्दाम एकदा हाक मारतो. तोवर प्रायव्ह गेलेला, त्यामुळे एमस्लीप असो वा नसो, ड्रायव्हरचं मोड्यूल पहिल्यांदा उतरवतानाच कासान ओरडेल. योगायोगाची वाट बघायला नको.

उत्तरात एवढंच लिहिते. शिवाय फिक्सेस टॅग (बग कोणत्या बदलाने आला ते सांगणारी ओळ) त्या साफसफाईच्या कमिटचा हवा, हॅशची, म्हणजे कमिटच्या ओळखक्रमांकाची, पहिली १२ अक्षरं घेऊन. आत्ता तो ड्रायव्हरच्या पहिल्या कमिटकडे बोट दाखवतोय. तेव्हा तर हा बग नव्हताच.